दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: चौदा महिन्यांनी लिहिलेला अभिप्राय

शिबिर करून १४ महिने झाले. आल्या आल्याच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळी लिहून थांबले. दहा दिवस फोन नाही, ड्यूटी नाही, कुणाशी बोलणं नाही, घंटा वाजली की उठायचं आणि घंटा वाजली की झोपायचं. अशा ठिकाणाहून परत आलेल्या माणसाला सगळंच चांगलं दिसतं. तेव्हा लिहिलं असतं तर ते विश्रांतीचं कौतुक झालं असतं. मला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, ते शिबिराच्या आवारात मिळण्यासारखं नव्हतंच.

प्रश्न साधा होता. मी एकटी डोळे मिटून बसले, तर बाकीच्यांचं त्यात काय भलं?

मी २१ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. गेली सहा वर्षं मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज. खाटा ३४. रात्री दोन सिस्टर, एक मावशी (आया), एक मामा (वॉर्डबॉय). अशा जागी ‘मनःशांती’ हा शब्द मला चैनीचा वाटायचा. ज्याला वेळ आहे त्याने शांत व्हावं, असं मी उघडपणे म्हणायचे.

शिबिराला गेले ते एका रात्रीमुळे. एका पेशंटच्या मुलाने रागाच्या भरात माझ्या अंगावर केसपेपरची फाइल भिरकावली. मी त्याला काही बोलले नाही, बोलता येत नाही. पण अर्ध्या तासाने मामांवर ओरडले. पहाटे धाकट्या सिस्टरवर. सकाळी घरी जाऊन मुलीवर. तिने काहीच केलं नव्हतं, तिची वही टेबलावर राहिली होती एवढंच. आंघोळ करताना लक्षात आलं की फाइल फेकली एकाने, पण दुपार व्हायच्या आत ती आणखी तिघांना लागली होती, आणि मधे हात माझा होता. त्याच आठवड्यात अर्ज भरला.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे शिबिर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं. ते मूळचे मंडालेचे, व्यापारी. अर्धशिशीने हैराण झाले होते. १९५५ मध्ये रंगूनला सयाजी (म्हणजे आदरणीय गुरू) ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले. शिबिराला शुल्क नाही. आधीच्या शिबिरार्थींच्या दानावर पुढचं शिबिर चालतं, आणि ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेलं नाही त्याच्याकडून दान घेतच नाहीत. झाडणारे, वाढणारे, घंटा वाजवणारे सगळे आधी शिबिर केलेले लोक, बिनपगारी. मी दवाखान्यात आयुष्य काढलंय. पगार असूनही मन लावून फरशी पुसून घेणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. तिथली फरशी बघून माझ्या मनात पहिल्यांदा आदर आला, ध्यान सुरू व्हायच्या आधीच.

ऊ बा खिन यांची गोष्ट मला गोएंकांपेक्षाही जवळची वाटते, कारण ते नोकरदार होते. १९४८ मध्ये बर्मा स्वतंत्र झाला तेव्हाचे तिथले पहिले अकाउंटंट जनरल. म्हणजे देशाचे हिशेब बघणारा माणूस. त्यांनी कचेरीतच ध्यानाची सोय केली, हाताखालच्या लोकांना शिकवलं. पुढे सरकारने त्यांच्यावर एका वेळी अनेक खात्यांचा कारभार सोपवला, कारण त्यांच्या हाताखाली कामं वेळेवर होतात आणि पैसे खाल्ले जात नाहीत असा त्यांचा लौकिक होता. साठी उलटून गेल्यावरही, १९६७ पर्यंत, ते सरकारी कामात होते. संसार, नोकरी, फायली, आणि साधना. मला असा माणूस हवा होता. डोंगरात जाऊन बसलेल्याकडून मी माझ्या वॉर्डसाठी काय शिकणार?

दिनक्रम कडक आहे. पहाटे चारला घंटा. साडेचार ते रात्री नऊ यात मिळून दहा तासांहून जास्त बसणं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, खुणांनीसुद्धा बोलायचं नाही. याला ते आर्य मौन म्हणतात. पहिले तीन दिवस फक्त श्वास, नाकपुड्यांच्या आसपासच्या छोट्याशा जागेवर. चौथ्या दिवशी विपश्यना देतात: डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं, जे असेल ते, आवडो न आवडो. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे हात, पाय, डोळे न उघडता, न हलवता बसायचं.

पाचव्या दिवशीचं एक अधिष्ठान सविस्तर सांगते. उजवा गुडघा. आम्ही पेशंटला विचारतो, शून्य ते दहा यात किती दुखतंय? मी स्वतःला आठ दिले. मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्या आठाकडे बघत राहिले. तर ते एक दुखणं नव्हतंच. वाटीच्या कडेला जळजळ, ती कमी-जास्त होणारी. तिच्या खाली ठोका, नाडीसारखा. मागच्या बाजूला ताण. आणि या सगळ्याच्या वर ‘आता उठलंच पाहिजे’ असं ओरडणारं काहीतरी, जे गुडघ्यात नव्हतंच. ते बाजूला काढलं तर उरलं ते सोसण्यासारखं होतं, आणि बघता बघता बदलत होतं. २१ वर्षं मी चार्टवर आकडा लिहीत आलेय. दुखण्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. त्या तासात मला पेशंटची आठवण येऊन रडू आलं. आवाज न करता रडले, कारण शेजारची बसलेली होती.

आता जे कमी पडतं ते. संध्याकाळची प्रवचनं ध्वनिमुद्रित आहेत. सोपी आहेत, गोष्टी चांगल्या आहेत, पण टेपला उलटा प्रश्न विचारता येत नाही. दुपारी आचार्यांना भेटता येतं, वेळ फार थोडा मिळतो. मी माझा प्रश्न विचारलाच: वॉर्डात माणसंच कमी आहेत, तर माझ्या शांत होण्याने काय फरक पडणार? त्या म्हणाल्या, आधी तुमची प्रतिक्रिया थांबू दे, मग काय करायचं ते तुम्हाला दिसायला लागेल. तेव्हा हे उत्तर मला अपुरं वाटलं. आज अर्धं बरोबर वाटतं. अर्ध्याबद्दल पुढे लिहिते. पण दहा दिवसांत एखादा तास तरी यावर असायला हवा होता, की माणूस बदलला आणि व्यवस्था तशीच राहिली तर काय. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एक बाई मला म्हणाल्या, आता मला कशाचाच त्रास होणार नाही, बातम्यांचासुद्धा नाही. मला ते ऐकून काळजी वाटली. त्रास होणंच बंद झालं तर सकाळी सलाइन संपलेलं कुणाला दिसणार?

त्याच दिवशी मंगल मैत्री शिकवतात. सगळ्या प्राण्यांचं भलं होवो अशी भावना मनात धरून बसायचं. तोवरचं कठोर वातावरण एकदम मऊ होतं. फाइल फेकणाऱ्या मुलाचा चेहरा समोर आला आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती दिसली. आईचं ऑक्सिजन खाली जात होतं त्याच्या. हे मी मनापासून मानते. पण ही भावना हवेतून जाऊन त्या मुलापर्यंत पोचली असेल, असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकात महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या लोकांनी असा दावा केला होता की शहरातल्या एक टक्का लोकांनी ध्यान केलं तर गुन्हे कमी होतात. मला ते पटलेलं नाही. ते खरं असायची गरजही वाटत नाही, कारण जो रस्ता मी डोळ्यांनी बघितला तो पुरेसा लांब जातो.

तो रस्ता असा. परत आल्यावर साधारण तीन महिन्यांनी लॅबमधून फोन आला. बेड ११ आणि बेड १२, दोघांचं आडनाव एकच, सॅम्पलची अदलाबदल झालेली दिसते, साखरेचे आकडे जुळत नाहीत. नशिबाने औषध द्यायच्या आत कळलं. सॅम्पल घेणारी सिस्टर नोकरीला लागून सहा महिने झालेली. ती माझ्यासमोर उभी राहिली. माझे कान तापले. जबडा आवळला गेला. जिभेवर वाक्य तयार होतं, ते मी आजवर कितीतरी मुलींना ऐकवलंय, आणि भर वॉर्डात. पण या वेळी मला कान तापलेले कळले. म्हणजे रागाच्या आधी कान कळले. आठ-दहा सेकंद मी नुसती कानाकडे लक्ष देऊन उभी होते. मग म्हणाले, बस, काय काय झालं ते सांग.

तिने सांगितलं. राउंडच्या आधी वेळ वाचावा म्हणून सगळ्या ट्यूबवर लेबलं आधीच चिकटवून ठेवतात. रात्रपाळीत तसंच करायची पद्धत पडली आहे. मग खाली बघत म्हणाली, “सिस्टर, गेल्या महिन्यातही एकदा असं झालं होतं. आम्हीच शोधून दुरुस्त केलं. तुम्हाला सांगितलं नाही.”

मी विचारलं, का?

“तुम्ही ओरडता ना.”

हे वाक्य ऐकायला मला एकवीस वर्षं लागली. माझ्या रागाची किंमत मी आजवर माझ्या ब्लडप्रेशरमध्ये मोजत होते. ती बेड ११ आणि १२ वरचे पेशंट भरत होते.

त्या दिवसापासून लेबल खाटेपाशीच लावायचं, पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावून, ट्यूब भरल्यावर लगेच. यात नवीन काही नाही, पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. नवीन एवढंच की ते का पाळलं जात नव्हतं हे मला कळलं. आणि मी सगळ्यांना सांगितलं की चूक झाली, किंवा होता होता वाचली, तर रजिस्टरमध्ये लिहा, नाव घालू नका, मी ओरडणार नाही. पहिले दोन आठवडे कुणी लिहिलं नाही. बरोबरच आहे, माझ्यावर विश्वास का ठेवावा? मग मावशींनी सुरुवात केली. त्यांना लिहिता येत नाही, त्यांनी एका सिस्टरकडून लिहून घेतलं: बाथरूमजवळची फरशी पहाटे ओली असते, परवा एक आजोबा पडता पडता वाचले. मावशींचं बघून बाकीच्या लिहू लागल्या. आधीच्या तिमाहीत रजिस्टरमध्ये दोन नोंदी होत्या. पुढच्या तिमाहीत एकोणीस.

यावर वरून विचारणा झाली, तुमच्याच वॉर्डात चुका एवढ्या का वाढल्या? नशिबाने मला उत्तर माहीत होतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात दवाखान्यांतल्या औषधांच्या चुकांवर संशोधन केलं होतं. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या न घाबरता बोलून दाखवत होते. आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं. तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं आणि वॉर्डात येऊन पुन्हा ओरडले होते. माहिती होती, पण कान तापल्यावर ती कामाला येत नव्हती. शिबिराने मला दिलं ते तेवढंच, ते आठ-दहा सेकंद. बाकी सगळं आधीपासून होतं.

आता त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. रात्री ३४ पेशंटना दोन सिस्टर, हे माझ्या ध्यानाने बदललं नाही. बदलणारही नव्हतं. एकोणीसपैकी अकरा नोंदी रात्री दोन ते पाच यातल्या होत्या. मी तो तक्ता केला आणि पत्र लिहिलं. आधीही दोन पत्रं लिहिली होती, रागात, त्यांना उत्तरच आलं नव्हतं. या पत्रात एकही विशेषण नव्हतं. उत्तर आलं नाही तेव्हा परत लिहिलं, मग भेटायला गेले, मग परत गेले. पाच महिन्यांनी आठवड्यातल्या चार रात्री तिसरी सिस्टर मिळाली. उरलेल्या तीन रात्रींसाठी अजून मागे लागलेय. पूर्वीची मी दुसऱ्या नकाराला ‘यांचं काही होणार नाही’ म्हणून सोडून दिलं असतं आणि तो राग खाली मामांवर काढला असता. चिकाटी ही रागापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे, आणि ती रोज सकाळी ध्यानाला बसूनच थोडी थोडी जमा होते, हा माझा अनुभव.

आम्हा नर्सेसना फ्लोरेन्स नाइटिंगेल पहिल्या वर्षापासून शिकवतात, दिवा हातात घेतलेली. तिची साधना मात्र कुणी शिकवत नाही. १८३७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी हाक दिली असं तिने लिहून ठेवलंय, आणि संतांचं, गूढवाद्यांचं लिखाण ती जन्मभर वाचत होती. पण क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या भक्तीने मृत्यू थांबले नाहीत. हिवाळाभर ते वाढतच गेले. १८५५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या सॅनिटरी कमिशनने येऊन गटारं उपसली, हवा खेळती केली, त्यानंतर मृत्यू झपाट्याने खाली आले. तिने हे लपवलं नाही. परत जाऊन आकडे मांडले, तक्ते काढले, बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्यासारख्या रोगांनी मेले हे सरकारला दाखवून दिलं आणि पुढची कितीतरी वर्षं पाठपुरावा केला. मला तिच्यात प्रार्थना आणि गटार वेगळी काढता येत नाहीत. आपल्या देखत झालेल्या मृत्यूंकडे नजर न वळवता बघायचं, त्यांचे हिशेब मांडायचे, आणि तरी खचायचं नाही, याला आतून काहीतरी लागतं.

दिल्लीच्या तिहार तुरुंगाचंही सांगायला हवं. किरण बेदी तिथे कारागृह महानिरीक्षक असताना १९९३ मध्ये तुरुंगात विपश्यना सुरू झाली, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये एक हजाराहून जास्त कैदी एकाच शिबिरात बसले. भारतातल्या तुरुंगात पहिलं शिबिर त्याच्या कितीतरी आधी, १९७५ मध्ये जयपूरला झालं होतं. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की कैद्यांबरोबर तुरुंगातले कर्मचारीही शिबिरं करत होते. फक्त कैद्यांना शांत करायचं आणि दंडुका हातात असलेल्याने तसंच राहायचं, तर त्याला मी साधना म्हणणार नाही. आमच्याकडेही तसंच. धाकट्या मुलींना ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ला पाठवतात. आधी इन्चार्जला पाठवा, असं मी आता मीटिंगमध्ये म्हणते.

कुणी जावं? ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने नक्की. शिक्षक, सुपरवायझर, पोलीस, सासू, बॉस. ज्याच्या एका वाक्याने दुसऱ्याचा दिवस बिघडतो त्याने आधी जावं. कुणी जाऊ नये, हे नर्स म्हणून स्पष्ट सांगते. गंभीर मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील, नुकताच मोठा धक्का बसला असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. अर्जात याची माहिती विचारतात, तिथे काहीही लपवू नका. दहा दिवसांची शांतता ही साधी गोष्ट नाही, ती आतलं बरंच वर आणते, आणि शिबिराची केंद्रं म्हणजे दवाखाने नाहीत. गुडघे-कंबर दुखत असेल तर खुर्ची मिळते. मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. मौन तुम्हाला जड जाणार नाही, जड जाईल ते तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी बॅग भरावीशी वाटणं. मी दोन्ही दिवशी मनात भरली होती.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसा असं सांगतात. मला दोन वेळा जमत नाही. पहाटे पाऊण तास होतो. रात्रपाळीच्या आठवड्यात तोही तुटतो. तुटला की त्या आठवड्यात वॉर्डात माझा आवाज चढलेला असतो, हे मुलींनीच मला दाखवून दिलं. आता ती सहा महिन्यांची सिस्टर, जी एव्हाना दीड वर्षांची झाली आहे, सरळ येऊन विचारते, “सिस्टर, आज बसला नाहीत का?” पूर्वी असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवटी रजेबद्दल. शिबिर दहा दिवसांचं म्हणत असले तरी जाण्याचा दिवस धरून बारा होतात, सुटका अकराव्या सकाळी होते. मी हिशेबाने तेवढीच रजा घेतली आणि त्याच रात्री ड्यूटीवर हजर झाले. ट्रॉलीच्या चाकाचा आवाजसुद्धा अंगावर येत होता, मॉनिटरच्या बीपने दचकत होते. तेव्हा तेरा दिवसांची रजा टाका, आणि तेराव्या दिवशी घरातल्यांशी हळू आवाजात बोलत राहा. रात्रपाळी त्यानंतर घ्या.